सायकल सुरात लावताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मंडीदीपच्या माझ्या वर्गात एक लहानशी गोष्ट घडली. मुलांना भूप शिकवीत होतो आणि तबलजी गैरहजर असल्यामुळे ठेका मीच धरला होता. तीनतालाची दोन-चार आवर्तने झाली असतील नसतील, तोच पुढच्या रांगेतली एक चौदा वर्षांची मुलगी गाता गाता थांबली आणि म्हणाली, "माट्साब, आज 'ना' नहीं बोल रहा." मी हातोडी घेतली, गट्टे ठोकून पाहिले, पुडी तपासली. तबला सुरात होता. बिघाड माझ्या अनामिकेत होता.

तबला वाजविणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. 'ना'चा आघात तर्जनीने किनारीवर होतो. मात्र त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असावी लागते. ती जितकी हलकी टेकेल तितका तो बोल मोकळा वाजतो. जड पडली की नाद जागच्या जागी मिटतो. माझी अनामिका कुठे टेकली आहे हेच मला कळत नव्हते. करंगळीही तशीच, जणू दुसऱ्या कुणाची. माझे वडील राजवाड्याच्या पदरचे गवई. त्यांच्याकडून आलेली विद्या हीच माझी मिळकत आणि तीच माझा चरितार्थ. तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला संकोच वाटत नाही.

तसे पाहिले तर पूर्वसूचना मिळाली होती. भोपाळहून मंडीदीप साधारण तेवीस किलोमीटर. आठवड्यातून दोनदा मी हा रस्ता सायकलने करतो, आणि रविवारी हुक्की आली तर पुढे ओबेदुल्लागंजपर्यंतही मजल मारतो. तीनएक आठवडे सायकलवरून उतरल्यावर उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. घटकाभराने जात, म्हणून मीही दुर्लक्ष करीत होतो.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "सायकल चालवता का?" करंगळीच्या बाजूने हातात उतरणारी एक नस मनगटापाशी दोन लहान हाडांच्या मधल्या अरुंद वाटेने तळव्यात शिरते. पॅरिसचे शल्यविशारद गीयाँ यांनी १८६१ साली या वाटेचे वर्णन केले, म्हणून ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हँडलवर तळव्याचा हा भाग तासन्‌तास दाबला गेला की नस चेंगरते आणि अनामिकेची अर्धी बाजू व करंगळी बधिर होते. दूरच्या पल्ल्याच्या सायकलस्वारांचे हे जुने दुखणे आहे. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस विश्रांती घ्या. मग एक तर सायकल सोडा, नाही तर सायकल सुधारा. पण बोटांतली ताकद कमी होऊ लागली तर थांबू नका, लगेच या." सोडण्याचा विचार मनात आला नाही असे नाही. पण संध्याकाळी कलियासोतचा पूल ओलांडताना जो वारा लागतो, तो बसमध्ये लागत नाही.

आता या सायकलीविषयी. दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका दुकानातून ही गिअरची सायकल घेतली. दुकानदाराने मला तिच्या दांडीवर उभे केले, पाय जमिनीला टेकतात हे पाहिले आणि "फिट है" म्हणून पावती फाडली. वर भेट म्हणून सीटवर एक गुबगुबीत मऊ खोळ चढवून दिली. एखाद्या गायकाला त्याची पट्टी न विचारता कुणाचाही तंबोरा हाती द्यावा आणि म्हणावे, "गा," तसाच हा प्रकार. तंबोरा चांगला असेलही. पण काळी चारला लावलेल्या तंबोऱ्यावर काळी एकच्या गायकाने गायचे कसे? आरडून घसा बसेल, आणि दोष मात्र गळ्याला लागेल. माझ्या हाताचे नेमके हेच झाले होते.

मंडीदीपच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वयस्क मिस्त्री टपरी टाकून बसतात. कारखान्यांच्या पाळ्या बदलतात तेव्हा त्यांच्याकडे कामगारांच्या सायकलींची रांग लागते. ग्रॅफाइटपासून औषधांपर्यंत नाना प्रकारचे कारखाने या वसाहतीत आहेत, आणि पहाटेच्या पाळीला सायकलने येणारा माणूस अजून नाहीसा झालेला नाही. मिस्त्रींनी माझी सायकल भिंतीला टेकवली, मला तिच्यावर बसायला सांगितले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "हाथ का इलाज बाद में करेंगे माट्साब, पहले बैठक ठीक करो." बैठक हा शब्द त्यांनी वापरला आणि मी चपापलो, कारण आमच्या घरात शिकवणीचा पहिला महिना याच शब्दावर जात असे.

तेव्हा प्रथम सीटची उंची. सायकलीत एकच जागा अशी आहे की जी हलवता येत नाही: दोन पायडलांच्या मधला आस. तो आपला षड्ज. बाकी सारी मापे तेथून मोजायची. घरगुती रीत अशी: भिंतीला टेकून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलू नये. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा थोडा वाक राहतो. हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी दोन सूत्रे आहेत. १९६७ साली हॅम्ली आणि टॉमस या ब्रिटनमधील संशोधकांनी असे मांडले की, खाली असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के असावे. पुढे १९८०च्या दशकात फ्रेंच प्रशिक्षक सिरील गिमार आणि अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड यांच्या नावाने दुसरे सूत्र रूढ झाले: त्याच लांबीला ०.८८३ने गुणावे आणि येणारे माप मधल्या आसापासून मोजावे. माझ्या पायाची लांबी ८० सेंटीमीटर. क्रँक १७ सेंटीमीटरची धरली तर पहिल्या हिशेबाने सीट आसापासून ७०.२ वर येते, दुसऱ्याने ७०.६ वर. दोन स्वतंत्र वाटांनी निघालेले लोक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत येऊन भेटतात, याची मला मोठी गंमत वाटली. माझी सीट होती ६४वर!

ती तेवढी खाली का होती? थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून. आपल्याकडे दहांपैकी नऊ सायकलींची सीट याच एका हट्टापायी खाली असते आणि गुडघे त्याची किंमत मोजत राहतात. वस्तुतः थांबताना सीटवर बसून राहायचेच नसते. पुढे दांडीवर उतरून एक पाय टेकायचा असतो. ही सवय लागायला मला आठ दिवस लागले आणि तेवढ्या काळात अकरा मीलच्या चौकात एकदा सर्वांदेखत आडवाही झालो. सीट एकदम सहा सेंटीमीटर वर नेऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो. मी आठवड्याला दीड-दीड सेंटीमीटर चढवली. स्नायूंना नवी पट्टी मानवायला वेळ लागतो.

नंतर ती मऊ खोळ. मिस्त्रींनी ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. आपण बसतो ते कमरेच्या खालच्या दोन हाडांवर. मांडी घालून तासन्‌तास रियाज करणाऱ्याला ही हाडे कोठे आहेत हे कोणी दाखवावे लागत नाही. घडीच्या पुठ्ठ्यावर पाय थोडे उचलून घट्ट बसावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे आणि सीटचा मागचा भाग त्याहून दोनएक सेंटीमीटर रुंद घ्यावा. खोळ फार मऊ असली की हाडे तीत बुडतात आणि मधला नाजूक भाग वर येणाऱ्या गादीने दाबला जातो. पाव तासाच्या फेरीला ती सुखाची, तीन तासांच्या प्रवासाला वैरीण. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८८२ साली चामड्याच्या ताणलेल्या सीटचे पेटंट घेतले. त्या जातीच्या सीट आजही दूरचे प्रवासी हौसेने वापरतात, आणि त्यांची गंमत अशी की त्या पुडीसारख्या असतात. वापराने चामडे बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होते, सैल पडले तर खालचा एक नट पिळून पुन्हा ताणता येते, आणि पावसात भिजू दिले तर नाश होतो. माझ्या खिशाला ती परवडली नाही. मिस्त्रींनी एक साधी, घट्ट, मध्यम रुंदीची सीट बसवली आणि ती पाणसळ ठेवून सपाट केली. आधी तिचे नाक खाली झुकलेले होते. नाक खाली झुकले की शरीर पुढे घसरते, ते थोपवायला हात ताठ होतात, आणि सारा भार तळव्यांवर जातो.

येथवर सारे ठीक होते. पण सीट वर चढली आणि माझी बोटे पूर्वीपेक्षा अधिक बधिर होऊ लागली! मी हताश होऊन टपरीवर गेलो. मिस्त्री हसले. सीट उंचावली तेव्हा हँडल आपोआप खाली गेले होते. मी अधिक वाकत होतो. तंबोऱ्याची एक तार चढवली की लाकडावरचा ताण बदलतो आणि आधी लावलेल्या तारा थोड्या उतरतात. मग पुन्हा पहिल्यापासून फिरावे लागते. वडील बैठकीपूर्वी तासभर या फेऱ्या घालीत. प्रथम खुंट्या, मग मणके, शेवटी जवारीचा दोरा, आणि पुन्हा खुंट्या. सायकलीचेही असेच असते. एक माप बदलले की शेजारचे तपासावे लागते, आणि एका वेळी एकच बदलावे. नाही तर सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, हे कधीच कळत नाही.

हँडलचा दांडा तीन सेंटीमीटर उचलला. त्या दांड्यावर कमाल मर्यादेची एक रेघ कोरलेली असते. तिच्यावर तो कधीही काढू नये, कारण आत पकड राहत नाही आणि हँडल हातात येण्याचा धोका असतो. सीट थोडी मागे सरकवली. हे उलटे वाटेल, पण सीट मागे गेली की धड पायांवर तोलले जाते आणि हात मोकळे होतात. रिकाम्या मैदानात साध्या गतीने पायडल मारताना हात क्षणभर हँडलवरून सुटे करून पाहावेत. धड पुढे कोसळू लागले तर तोल अजून हातांवर आहे असे समजावे. गुडघ्यावरून ओळंबा सोडून सीट पुढे-मागे करण्याची जी रीत सांगतात, ती केवळ सुरुवातीला उपयोगी. अखेरचा निर्णय हा तोलच देतो.

आणि शेवटी हँडल. माझे अगदी सरळ, एका काठीसारखे होते. त्यावर तळवे खाली करून, मनगटे मागे मोडून धरावे लागे, आणि धरायची जागा एकच. मिस्त्रींनी भंगारातून एका जुन्या काळ्या सायकलीचे मागे वळलेले हँडल काढले, घासूनपुसून बसवले. या हँडलवर तळवे एकमेकांसमोर येतात, मनगट सरळ राहते, आणि भार त्या नसेवर न पडता अंगठ्याच्या बाजूला जातो. शिवाय वळणापाशी, पुढे आणि मध्यावर अशा तीन ठिकाणी हात बदलता येतात. आपल्या आजोबांच्या पिढीने कचेरीला जाताना जे हँडल धरले, ते दिसायला जुनाट असेल, पण मनगटाच्या दृष्टीने शहाणे होते. वेगाच्या शर्यतीच्या दिखाव्यापायी आपण ते टाकून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शर्यतीचा विषय निघालाच आहे तर आपल्या माणसांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत केली. या शर्यतीत स्वारांची मान कधी कधी इतकी थकते की डोके वर धरवत नाही. १९८३ साली ज्यांना हा अनुभव आला त्या मायकेल शर्मर यांचे नावच या विकाराला पडले आहे. इतक्या तयारीच्या, वैद्यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या माणसांचीही ही गत, तर खाली वाकलेल्या हँडलचा हट्ट आपण पन्नाशीकडे झुकलेल्या मंडळींनी कशासाठी धरावा?

टायर आणि गिअर यांविषयी थोडक्यात. बेलफास्टच्या डनलॉप यांनी १८८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला तो धक्के सोसावेत म्हणून; आपण त्यात दगडासारखी हवा ठासून तो हेतूच हाणून पाडतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, आज्ञा नव्हे. माझ्या पावणेदोन इंची टायरांत मी मागे ४५ आणि पुढे ३८ पौंड ठेवतो. वजन मागे अधिक पडते म्हणून हा फरक. त्याने वेग घटलेला मला तरी जाणवला नाही; मनगटांना मात्र तो पहिल्याच दिवशी कळला.

गिअरचे म्हणाल तर त्याला लाजणारे लोक पूर्वीपासून आहेत. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी आयुष्यभर पर्यटकांना गिअरचे महत्त्व पटवले. ते १९३० साली वारले, आणि तेथल्या प्रसिद्ध शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. आपण मात्र शर्यतीत नाही. जड गिअर रेटून मिनिटाला पन्नास फेऱ्या मारण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाऊणशे माराव्यात. गवयाच्या भाषेत सांगायचे तर मध्यलय धरावी आणि चढ आला की लय न मोडता गिअर बदलावा. आणखी एक: जड पायडल दाबताना माणूस नकळत हँडल आवळतो. माझ्या बोटांच्या दुखण्यात याचाही वाटा होता.

या साऱ्याला दीड महिना लागला. डिसेंबरातल्या एका रविवारी परीक्षा म्हणून भीमबेटक्याला निघालो; जाऊन-येऊन नव्वदएक किलोमीटर. या दूरच्या स्वारांच्या संस्थांचा सर्वांत लहान पल्ला दोनशे किलोमीटरचा असतो आणि तो साडेतेरा तासांत पुरा करायचा असतो, तेव्हा माझ्या नव्वदांचे कौतुक कोणी करू नये. पहाटे मंडीदीप ओलांडले. हे नाव 'द्वीप' शब्दावरून आले, राजा भोजाने बांधलेल्या अफाट तलावातले हे एक बेट होते आणि होशंगशहाने पंधराव्या शतकात बांध फोडून तलाव रिता केला, अशी आख्यायिका या भागात सांगतात. रस्ता मैलच्या मैल सपाट लागतो तेव्हा आपण तळ्याच्या तळाशी सायकल चालवीत आहो ही कल्पना मोठी गोड वाटते. मालगाड्या उजाडण्यापूर्वीच सुरू झालेल्या असतात. याच लोहमार्गाने जाताना १९५७ साली आपल्या हरिभाऊ वाकणकरांना डब्याच्या खिडकीतून दूरचे ते खडक दिसले आणि पाय उतार होऊन ते जंगलात शिरले, म्हणून भीमबेटक्याची चित्रे जगाला कळली. २००३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. ट्रकांची वर्दळ मात्र भयंकर आहे; मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचा सदरा यांवाचून या रस्त्यावर जाऊ नये.

त्या खडकांतल्या सावलीत बसून मी दप्तरातून काही वाद्य काढले असे नाही. नुसत्या मांडीवर 'ना' वाजवून पाहिला. अनामिका कापडाची वीण ओळखत होती. परतीच्या वाटेवर, सत्तराव्या किलोमीटरच्या सुमारास, करंगळीला किंचित मुंगी आली. हात वळणापाशी नेले, दोन मिनिटांत गेली. वडिलांच्या जुन्या वहीत निरनिराळ्या गायकांच्या पट्ट्या नोंदलेल्या आहेत. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी आता लिहून ठेवले आहे: सीट ७०.३, हँडल सीटहून दोन बोटे वर, मागे ४५, पुढे ३८. सायकल धुवायला किंवा दुरुस्तीला दिली की ही मापे हमखास हलतात.

पुढच्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर ती 'ना' ऐकणारी मुलगी आपली सायकल काढीत होती. नववीत शासनाकडून मिळालेली सायकल. हजारो मुलामुलींना एकाच मापाची देतात. मुलगी दोन वर्षांत ताडमाड वाढली आहे, पण सीट मिळाली त्या दिवशी होती तिथेच. गुडघे हँडलला लागतील की काय अशा बेताने ती चालवते. विचारले तर म्हणाली, गुडघे दुखतात, पण सगळ्यांचेच दुखतात. मी मिस्त्रींकडून पान्हा मागून आणला, टाच पायडलवर ठेवायला सांगितली आणि सीट चार बोटे वर केली.

"माट्साब, पैर नहीं टिकेंगे!"

"एक टिकेगा. उतरून टेकायचा," मी म्हणालो, आणि दांडी धरून दोनदा उतरून दाखवले. तिसऱ्यांदा ती स्वतः उतरली, चौथ्यांदा पडता पडता सावरली, आणि मग रेल्वे फाटकाच्या दिशेने, अजून थोडी डगमगत, पण पाय पुरते लांबवून निघून गेली.